पिकअप वाहनातील दुसरी बॅटरी : जोडणीमागील विद्युत्‌विचार

मोटारीतील बॅटरीचे प्रधान कार्य एंजिन सुरू करणे हे होय. त्यासाठी तिला काही सेकंदांपुरता २०० अँपिअरच्या आसपास, आणि डीझेल एंजिनाच्या बाबतीत बहुधा त्याहूनही अधिक, प्रवाह द्यावा लागतो. एंजिन चालू होताच आल्टरनेटर हा खर्च भरून काढतो. म्हणूनच या बॅटरीतील शिशाच्या पट्ट्या पातळ व पुष्कळ असतात. त्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा असतो. परंतु दीर्घकाळ चालणारे खोल विसर्जन त्यांना सोसत नाही.

लसींचे शीतकपाट वाहून नेणाऱ्या पिकअप गाडीचे उदाहरण घेऊ. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस या मर्यादेतच ठेवाव्या लागतात. शीतकपाट ५ अँपिअर प्रवाह घेते व निम्मा वेळ चालते असे मानल्यास, गाडी उभी असताना दहा तासांत २५ अँपिअर-तास खर्च होतील. ६० अँपिअर-तासांच्या मूळ बॅटरीचा हा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग झाला. बॅटरी जुनी असेल, तर सकाळी लस शाबूत राहील, पण गाडी हलणार नाही. चालकाने रात्री कपाट बंद केले, तर गाडी हलेल, पण लस निकामी झालेली असेल. या पेचातून सुटण्याचा मार्ग म्हणजे जाड पट्ट्यांची, खोल विसर्जन सोसणारी दुसरी बॅटरी. १०० अँपिअर-तासांची अशी बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरावयाची ठरविली, तरी ती दोन रात्री पुरेल.

आता प्रश्न जोडणीचा. दोन्ही बॅटऱ्या कायमच्या समांतर जोडल्यास त्या एकत्रच रिकाम्या होतील आणि मूळ हेतूच विफल होईल. तेव्हा एंजिन चालू असताना दोन्ही भराव्यात, व ते बंद असताना त्या विलग व्हाव्यात, अशी योजना हवी. हे काम हाताने चालविण्याच्या खटक्याने होते; पण माणूस विसरतो. डायोडने विलगीकरण आपोआप होते. परंतु सामान्य सिलिकॉन डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतात, आणि प्रवाह घटला तरी हा खर्च फारसा घटत नाही. त्यामुळे १४.२ व्होल्टचे १३.५ उरतात आणि बॅटरी पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीत सल्फेटचे कठीण स्फटिक साचत जाऊन तिचे आयुष्य घटते.

विद्युद्दाब ओळखणारा रिले हा अधिक सोयीचा उपाय होय. मूळ बॅटरीवरील दाब सुमारे १३.३ व्होल्टपर्यंत चढला की तो जोडणी करतो आणि दाब सुमारे १२.८ पर्यंत उतरला की ती तोडतो. या दोन मर्यादांत अंतर ठेवण्याचे कारण उघड आहे. रिकामी बॅटरी जोडली जाताच दाब किंचित खाली येतो. मर्यादा एकच असती, तर रिले सारखा उघडझाप करीत राहिला असता. तथापि अलीकडच्या अनेक गाड्यांत आल्टरनेटरचा दाब इंधन वाचविण्यासाठी संगणक कमी-अधिक करतो. तेथे, तसेच दुसरी बॅटरी लिथियम जातीची असल्यास, दाब व प्रवाह दोन्ही नियंत्रित करणारा डी.सी.-डी.सी. चार्जरच वापरणे योग्य.

तारेची जाडी हा दुय्यम तपशील नव्हे. तांब्याची रोधकता १.७२ × १०⁻⁸ ओहम-मीटर धरल्यास, ५ मीटर लांबीच्या ६ चौरस मिलिमीटर तारेचा रोध ०.०१४ ओहम येतो. ५० अँपिअर प्रवाहास तीत ०.७ व्होल्ट खर्च होतात. १६ चौरस मिलिमीटर तारेत हाच खर्च सुमारे ०.२७ व्होल्ट आहे. डायोडप्रमाणे हा खर्च कायम राहत नाही. बॅटरी भरत जाऊन प्रवाह घटला की तोही घटतो. परंतु भरण्यास लागणारा काळ वाढतो, आणि लहान प्रवासांच्या गाडीत बॅटरी सदैव अर्धपोटी राहते.

या तारेच्या दोन्ही टोकांस उगम आहे, हे विशेष ध्यानात घ्यावे. तार मध्येच घासून लोखंडी सांगाड्यास टेकली, तर दोन्ही बाजूंनी प्रवाह धावेल. मंडलाचा एकूण रोध ०.०१ ओहम असला, तरी तो १२०० अँपिअर भरतो; तारेवरील आवरण पेटण्यास तो पुरेसा आहे. म्हणून प्रत्येक बॅटरीच्या धन ध्रुवाजवळ, शक्य तितक्या कमी अंतरावर, स्वतंत्र फ्यूज असावा. त्याची मर्यादा तारेच्या वहनक्षमतेहून अधिक नसावी. फ्यूज रक्षण करतो तो तारेचे, उपकरणाचे नव्हे. शीतकपाटाच्या तारेसही तिच्या जाडीस अनुरूप असा वेगळा फ्यूज लागतोच.

ऋण बाजूची जोडणी सांगाड्यास करताना तेथील रंग खरवडून धातू उघडा करावा. बॅटरी पट्ट्याने घट्ट आवळावी. द्रवरूप आम्लाची असल्यास तिच्यातून निघणाऱ्या हायड्रोजनला बाहेर जाण्यास वाट ठेवावी, कारण हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेल्यास मिश्रण ज्वालाग्राही होते. ऋण ध्रुव सांगाड्यास जोडलेल्या गाडीत कामास आरंभ करताना ऋण तार प्रथम सोडावी व ती शेवटी जोडावी; पाना चुकून सांगाड्यास लागला, तरी मग मंडल पूर्ण होत नाही.

काम संपल्यावर एंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्यांच्या ध्रुवांवरील दाब मोजावा. रिलेच्या जोडणीत दुसरी बॅटरी भरत आली असतानाही दोहोंत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर दोष तारेत अथवा एखाद्या सांध्यात आहे असे समजावे आणि प्रत्येक सांध्यावरील दाबघट मोजून तो शोधून काढावा.