मेणातला तुकडा

काकांच्या गालातला तुकडा तपासायला दिला, त्या आठवड्यात अकोल्याच्या जुन्या शहरात राजराजेश्वराच्या कावडीची तयारी चालली होती. दर श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर आणणारे काका त्या वर्षी ओट्यावर बसून होते. तंबाखूचा खर्रा ज्या बाजूला धरायचे, त्याच बाजूला जखम. मुंबईला टाटा रुग्णालयात जाताना स्लाइड आणि ब्लॉक जपून न्यायला सांगितलं होतं. ब्लॉक म्हणजे तो तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा. तो हातात घेऊन आजी म्हणाली, “एवढ्याशा तुकड्यात काय दिसते बाप्पा?”

या प्रश्नाचं उत्तर सव्वाशे वर्षं बदलत आलं आहे. १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लुम हा जर्मन डॉक्टर फॉर्मॅलिन जंतू मारतं का, हे तपासत होता. त्याच्याच बोटांची कातडी कडक झाली आणि ऊती टिकवण्याची वाट सापडली. टाटा रुग्णालय १९४१ मध्ये उघडलं. तिथल्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा आकार दिसे, प्रथिनं मात्र अबोल राहत. फॉर्मॅलिन त्यांना एकमेकांत गुंतवून टाकतं. त्यामुळे ती टिकतात, पण त्यांना शोधायला सोडलेल्या प्रतिपिंडांना अनेकदा जागा सापडत नाही.

मी १९९१ हे खरं वळण मानतो. शान-रोंग शी आणि सहकाऱ्यांनी मेणातल्या ऊतींचे काप द्रावणात बुडवून मायक्रोवेव्हमध्ये तापवले, आणि बंद झालेली बरीच प्रथिनं पुन्हा ओळखू येऊ लागली. इतकी साधी उष्णता! स्तनाच्या गाठीत हर-२ प्रथिन जास्त आहे का, हे आज अशाच कापावर पाहतात. त्यावर औषध ठरतं. पुढे गुंता सोडवून, प्रथिनांचे तुकडे करून त्यांचं वस्तुमान मोजणारी यंत्रं आली. एका ठोकळ्यातली शेकडो प्रथिनं एकदम वाचता येऊ लागली.

आमच्या घरच्या दुखण्याजवळचं काम टाटाच्याच खारघरमधल्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात झालं. रुक्मिणी गोवेकर, सुरेखा झिंगडे आणि सहकाऱ्यांनी गाल-हिरडीच्या कर्करोगात कोणती प्रथिनं बदलतात, याचा अभ्यास २००९ मध्ये मांडला. तोवर काका गेले होते.

ब्लॉक आम्हाला परत मिळाला. तो लोखंडी कपाटात आहे. अकोल्याचा मे ४५ अंशांपुढे जातो, पॅराफिन वितळायला साधारण ५६ लागतात. तरी काकू दर उन्हाळ्यात डबी उघडून पाहते. ठोकळा शाबूत असतो.