अपंगांचा प्रवास : सोयी कोणत्या आणि त्या कशा मिळवाव्यात

कफर्णहूमच्या त्या पक्षघाती माणसाची हकीकत आपण सर्वांनी मिस्सात ऐकली आहे. घरात गर्दी, दारातून वाट नाही. तेव्हा त्याच्या चौघा सोबत्यांनी छप्पर उसकटले आणि त्याला बाजेसकट प्रभूपुढे खाली सोडले. या हकीकतीतून आपण क्षमेचा आणि बरे होण्याचा बोध घेतो, पण त्या चौघांचा विचार फार थोडे जण करतात. ते नसते तर तो बिचारा घरीच पडून राहिला असता. योहानाच्या शुभवर्तमानातही बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षांचा आजारी माणूस भेटतो. आपल्याला पाण्यात उतरवायला कोणी माणूस नाही, हे त्याचे खरे दुःख होते.

21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे पवित्र अवशेष दर्शनासाठी ठेवले होते. सुगी आटोपत आली होती, म्हणून आमच्या धर्मग्रामातूनही बस गेली. परत आल्यावर आम्ही एका घरी आशीर्वादित पदक द्यायला गेलो. घरचे मामा काही वर्षांपूर्वी लकव्याने डाव्या अंगाने लुळे झालेले. त्यांनी पदक हातात घेतले आणि विचारले, "बसमध्ये जागा नव्हती होय?" जागा होती. तीन जागा रिकाम्या गेल्या होत्या. त्यांना कसे जमेल, असे आम्हीच परस्पर ठरवून टाकले होते, त्यांना विचारलेच नव्हते. हे दर्शन दहा वर्षांनी एकदा येते आणि मामांनी सत्तरी ओलांडली आहे.

म्हणून आम्ही ही माहिती गोळा केली. आपल्या शेतकरी घरांत अपंग माणसे थोडी नाहीत. कोणाचा हात कडबा कापण्याच्या यंत्रात गेला, कोणाचा मळणी यंत्रात. कोणी माडावरून पडून कंबरेपासून अधू झाला. लहानपणी पोलिओ होऊन गेलेले आज पन्नाशीत आहेत. (देवाच्या कृपेने आणि लसीच्या दोन थेंबांनी आपल्या देशातला पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला.) शिवाय साखरेच्या दुखण्याने पाय गमावलेले आणि गुडघ्यांनी बसवलेली म्हातारी माणसे आहेतच.

आधी कागद करावा

कोणतीही सवलत मागायची तर प्रथम अपंगत्वाचा दाखला हवा. सरकारी कागदांत आता 'दिव्यांग' हा शब्द वापरतात, तेव्हा फॉर्मवर तो दिसला तर गोंधळू नये. 2016 साली संमत झालेला अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा 2017 पासून लागू आहे. त्यात 21 प्रकारचे अपंगत्व धरले आहे. पुष्कळशा सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्व असावे लागते.

अर्ज 'स्वावलंबन' या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो. घरात कोणाला जमत नसेल तर गावातल्या संगणक केंद्रातून भरून घ्यावा. आधार कार्ड, फोटो, राहत्या जागेचा पुरावा आणि दवाखान्याचे जुने कागद बरोबर न्यावेत. मग सरकारी रुग्णालयात डॉक्टर तपासणी करतात व टक्केवारी ठरवतात. त्यानंतर यू.डी.आय.डी. कार्ड मिळते. पांढऱ्या पट्टीचे कार्ड 40 टक्क्यांखालील, पिवळ्या पट्टीचे 40 ते 80 टक्क्यांमधील आणि निळ्या पट्टीचे 80 टक्के व त्यावरील अपंगत्वासाठी असते. हे कार्ड सर्व राज्यांत चालते. सीमाभागातील आपल्यासारख्यांना हे फार उपयोगाचे, कारण आपले एक पाऊल एका राज्यात तर दुसरे दुसऱ्यात असते.

रेल्वेची सवलत

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. यू.डी.आय.डी. कार्ड मिळाले म्हणजे रेल्वेची सवलत मिळालीच असे नाही. 21 प्रकारांपैकी सर्वांना ती नाही. रेल्वे चार प्रकारच्या अपंगांना सवलत देते. पहिले, हातापायाने अधू असून सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे. दुसरे, मतिमंद असून सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे. तिसरे, पूर्ण अंध. चौथे, पूर्णपणे मूक आणि बधिर, म्हणजे एकाच माणसात दोन्ही असणारे.

पहिल्या तीन प्रकारांना साधा दुसरा वर्ग, स्लीपर आणि वातानुकूलित तिसरा वर्ग यांत भाड्यात 75 टक्के सूट आहे. वातानुकूलित पहिल्या व दुसऱ्या वर्गात ती 50 टक्के आहे. बरोबरच्या एका सोबत्यालाही तीच सूट मिळते. मूकबधिरांना साध्या दुसऱ्या वर्गात आणि स्लीपरमध्ये 50 टक्के सूट आहे. 2020 साली कोरोनाच्या काळात ज्येष्ठ नागरिकांसह अनेकांच्या सवलती थांबवल्या गेल्या, पण अपंगांची आणि ठराविक आजारांच्या रोग्यांची सवलत चालू राहिली. कर्करोगाच्या रोग्याला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर व वातानुकूलित तिसऱ्या वर्गात भाडेच लागत नाही. हे अनेक घरांना ठाऊक नसते.

या सवलतीसाठी रेल्वेने ठरवून दिलेल्या नमुन्यात सरकारी डॉक्टरचे सवलत प्रमाणपत्र घ्यावे. हातापायाने अधू असलेल्याच्या प्रमाणपत्रावर 'सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही' हे शब्द हवेतच. ते नसतील तर खिडकीवरून परत यावे लागते. कायमचे अपंगत्व असेल तर हे प्रमाणपत्र 25 वर्षांपर्यंतच्या माणसाला 5 वर्षे, 26 ते 35 वयात 10 वर्षे आणि 35 नंतर जन्मभर चालते. तिकीट काढताना खिडकीवर नक्कल द्यावी आणि अस्सल कागद प्रवासात जवळ ठेवावा, कारण तपासनीस तो मागू शकतो. याच प्रमाणपत्रावर रेल्वेकडून फोटोचे ओळखपत्रही मिळते. ते असले की घरबसल्या तिकीट काढताना सूट मिळते.

आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी सुरू होते. वेलांकणी मातेचा सण 8 सप्टेंबरला. नोव्हेनासाठी ऑगस्टअखेर निघायचे तर जूनच्या अखेरीस, भाताच्या लावणीच्या घाईत, तिकिटाची आठवण ठेवली पाहिजे. आपल्याकडून वास्को-वेलांकणी ही आठवड्याची गाडी लोंढ्यावरून जाते. आरक्षणाच्या फॉर्मवर अपंगांचा राखीव कोटा मागावा म्हणजे खालचा बर्थ मिळण्याचा संभव असतो.

स्टेशनावर

पुष्कळ मेल-एक्स्प्रेस गाड्यांना गार्डच्या डब्याला लागून अपंगांसाठी वेगळा डबा असतो. त्याचे दार रुंद असते आणि संडासात धरायला दांडे असतात. इतरांनी त्यात बसणे मना आहे. साध्या डब्याच्या बोळातून चाकाची खुर्ची जात नाही, हे आधीच लक्षात ठेवावे.

मोठ्या स्टेशनांवर चाकाची खुर्ची मिळते. ती स्टेशन मास्तरांकडे मागायची असते. काही ठिकाणी विजेवर चालणारी छोटी गाडीही असते. रेल्वेचा मदतीचा फोन 139 आहे. मधल्या स्टेशनात गाडी दोनच मिनिटे थांबते, म्हणून तासभर आधी जाऊन आपला डबा फलाटावर कोठे येतो ते विचारून घ्यावे. सामान चढवणारे वेगळे आणि माणसाला चढवणारे वेगळे असे काम आधीच वाटून घ्यावे. एकदा आम्ही हे केले नाही. पेट्या आत गेल्या, आजी फलाटावर राहिली. गार्डने पाहिले म्हणून निभावले.

जुन्या गोव्याला कोकण रेल्वेचे करमळी स्टेशन जवळ आहे. आपल्या भागातून मात्र बहुतेक जण घाटाने बसनेच जातात.

बसचा प्रवास

बसच्या सवलती राज्याराज्यांत वेगळ्या आहेत. महाराष्ट्राच्या एस.टी.त 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यास 75 टक्के सूट आहे, आणि 65 टक्क्यांवर असेल तर सोबत्यालाही निम्मी सूट मिळते. कर्नाटकात अपंगांसाठी वर्षाचा सवलतीचा पास आहे. शिवाय जून 2023 पासून राज्यातील स्त्रियांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे, तेव्हा सोबत बहीण किंवा सून गेली तर तिचा खर्च वाचतो. पण एका राज्याची सवलत हद्दीपलीकडे चालेलच असे धरू नये. गोव्याला जाणाऱ्या गाडीत चढण्याआधी डेपोत विचारून घ्यावे.

धर्मग्रामाची बस ठरवताना पुढच्या दारालगतच्या दोन जागा अपंगांसाठी ठेवाव्यात. वाटेत दर दोन तासांनी, कमोड किंवा टेकायला जागा असलेला संडास असेल अशाच ठिकाणी, बस थांबवायला चालकाला आधी सांगावे.

अंगाची काळजी

वाटेत लघवीला जावे लागेल या भीतीने अनेक अपंग पाणीच पीत नाहीत. हे धोक्याचे आहे. त्याने लघवीचा दाह होतो, मलावरोध होतो आणि उन्हात चक्कर येते. घोटघोट पाणी पीत राहावे. लघवीची नळी असेल तर तिची पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खालच्या पातळीवर ठेवावी.

ज्याला कंबरेखाली संवेदना नाही त्याला बसून बसून जखम होते आणि ती होताना कळतही नाही. जाड उशी घ्यावी. बसलेल्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग उचलावे किंवा कूस हलवावी, निजलेल्याला दर दोन तासांनी वळवावे. मुक्कामी पोहोचल्यावर माकडहाड, ढुंगण आणि टाचा तपासाव्यात. लाल डाग दाबूनही पांढरा होत नसेल तर त्या जागेवर भार देऊ नये. फिट्सची, साखरेची व रक्तदाबाची औषधे सामानाच्या पेटीत नको, हातातल्या पिशवीत ठेवावीत.

धरावे कसे

लकवा झालेल्या माणसाला लुळ्या हाताला धरून कधी ओढू नये, खांदा निखळतो. त्याच्या लुळ्या बाजूस उभे राहून कमरेला आधार द्यावा, काठी चांगल्या हातात द्यावी. पायऱ्यांचा नियम सोपा आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी.

चाकाच्या खुर्चीतून उठवताना दोन्ही ब्रेक लावावेत आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला कराव्यात. उभ्या उतारावर खुर्ची उलटी, म्हणजे आपण मागे चालत, न्यावी. उचलायची वेळ आली तर पक्क्या सांगाड्याला धरावे, हातांच्या किंवा पायांच्या पट्ट्यांना धरू नये.

अंध माणसाला ढकलत नेऊ नये. त्याला आपले कोपर धरू द्यावे, आपण अर्धे पाऊल पुढे चालावे आणि पायरी आली की तोंडाने सांगावे. बहिऱ्या माणसाला फलाटावरची घोषणा ऐकू येत नाही, म्हणून गाडीचा नंबर व डबा चिठ्ठीवर लिहून द्यावा. मतिमंद मुलाच्या खिशात नाव, गाव व घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी असावी.

आपल्या देवळापासून सुरुवात

फ्रान्समधील लूर्द येथे रोग्यांच्या सेवेसाठी 1885 पासून स्वयंसेवकांचा संघ आहे. आजही ते रोग्यांना निळ्या गाड्यांतून ओढत गुंफेकडे नेतात आणि मिरवणुकीत रोग्यांना मानाची जागा असते. लूर्द मातेच्या सणाचा दिवस, 11 फेब्रुवारी, हा 1993 पासून जागतिक रुग्ण दिन म्हणून पाळला जातो. आपल्याला लूर्दला जाण्याची गरज नाही. आपल्याच देवळाच्या पायऱ्या पाहाव्यात. एक इंच उंचीला एक फूट लांबी असा उतार बांधला तर चाकाची खुर्ची सुखाने चढते. सहा इंची पायरीला सहा फूट उतार पुरतो. चार पोती सिमेंट आणि दोन दिवसांची अंगमेहनत, एवढाच हा प्रश्न आहे.

प्रत्येक वाड्याने चार तरुण निवडावेत. यात्रेच्या दोन महिने आधी त्यांनी घरोघर जाऊन अपंगांना व आजाऱ्यांना विचारावे : येता का? नाही म्हणायचे तर त्यांनी म्हणावे, आपण त्यांच्या वतीने म्हणू नये. ज्यांचा दाखला नाही त्यांचा अर्ज त्याच दिवशी भरायला घ्यावा.

आम्ही पुन्हा मामांकडे गेलो. वेलांकणीला येणार का, असे विचारले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खालचा बर्थ मिळेल ना?" त्यांचे प्रमाणपत्र आता तयार आहे, सोबतीला त्यांचा पुतण्या आहे आणि आमच्या यादीत त्यांचे नाव पहिले आहे.