एका सर्वनामाची किंमत

नोड.जेएस ही प्रणाली लिबयूव्ही नावाच्या एका मुक्त सॉफ्टवेअरच्या आधारावर चालते. नोव्हेंबर २०१३मध्ये या लिबयूव्हीच्या मजकुरात एकाने छोटी दुरुस्ती सुचवली. वापरकर्त्याचा उल्लेख पुल्लिंगी सर्वनामाने केला होता, तिथे बायका-पुरुष दोघांनाही लागू पडेल असं सर्वनाम घालावं, एवढंच. कोडला धक्काही लागत नव्हता. आलेल्या दुरुस्त्या तपासून आत घेणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. इथल्या एका मुख्य मेंटेनरने, इतके क्षुल्लक बदल आम्ही घेत नाही, म्हणून ती नाकारली. दुसऱ्या सहकाऱ्याने ती आत घेतली. पहिल्याने, कामाची रीत पाळली नाही म्हणत, पुन्हा बाहेर काढली. मग लोक तुटून पडले. त्या वेळी नोडचा सांभाळ करणाऱ्या जॉयेंट कंपनीच्या ब्रायन कँट्रिल यांनी तर, हा माणूस आमच्या नोकरीत असता तर त्याला काढून टाकलं असतं, असं जाहीर लिहिलं. तो त्यांच्या नोकरीत नव्हताच. पुढे त्याने मुख्य चमूतून अंग काढून घेतलं.

त्याची बाजू ऐकण्यासारखी होती. इंग्रजी त्याची मातृभाषा नव्हती. सर्वनामातला हा फरक आपल्याला तितकासा जाणवत नाही, असं त्याने सांगितलं होतं. शिवाय दुरुस्ती एका शब्दाची असली तरी कोणीतरी ती उघडून वाचायची, तपासायची, उत्तर द्यायचं. कितीतरी मेंटेनर हे काम नोकरी सांभाळून, विनामोबदला करतात. ऑक्टोबर २०२०मध्ये त्यांचे काय हाल झाले ते आठवावं. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या उपक्रमात महिन्याभरात चार दुरुस्त्या पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. मग माहितीच्या फायलींत उगाच एखादं विशेषण घुसडणाऱ्या दुरुस्त्यांचा पूर आला. पाठवणाऱ्यांत आपल्याकडची कॉलेजची मुलंही होती. शेवटी, ज्या प्रकल्पांना सहभाग हवा आहे तेवढ्यांतल्याच दुरुस्त्या मोजू, असा नियम आयोजकांना महिना सुरू असतानाच करावा लागला.

शब्दांवरून एवढी भांडणं का होतात, याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर लेखक नॉर्थकोट पार्किन्सन यांचं आहे. १९५७च्या त्यांच्या पुस्तकातली समिती एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि ३५० पौंडांच्या सायकल शेडवर पाऊण तास घालवते. अणुभट्टी कोणालाच कळत नाही, शेड सगळ्यांना कळते. १९९९मध्ये फ्रीबीएसडी या मुक्त संगणक प्रणालीच्या मंडळींत, ठरावीक वेळ थांबायला लावणाऱ्या ‘स्लीप’ या कमांडला सेकंदाचे अपूर्णांक समजावेत का, यावर वाद पेटला. तेव्हा पॉल-हेनिंग कांप यांनी त्यांना ही गोष्ट ऐकवली आणि अशा वादांसाठी ‘बाइकशेड’ हा शब्द प्रोग्रामरांच्या तोंडी रुळला.

लिबयूव्हीच्या बाबतीत मला हे उत्तर अपुरं वाटतं. सायकल शेड कोणाला, तू इथली नाहीस, असं सांगत नाही. सर्वनाम सांगतं. आणि ते ज्याला टोचत नाही, त्यानेच ते क्षुल्लक ठरवलं, हे मला पटत नाही. त्या मेंटेनरची जी शोभा झाली, तीही पटत नाही.

मी मराठीत सॉफ्टवेअरची माहिती लिहिते, तेव्हा हे रोज समोर येतं. ‘वापरकर्ता लॉगिन करतो’ असं लिहिलं की क्रियापदासकट सगळं वाक्य पुरुषाचं. ‘वापरकर्त्याने आपला पासवर्ड बदलावा’ यातला ‘आपला’ दोघांचा, पण नाम पुरुषाचंच. म्हणून मी सरळ वाचणाऱ्याशी बोलते: ‘तुमचा पासवर्ड बदला.’ एका प्रकल्पाच्या मराठी पडद्यावर ‘पासवर्ड विसरला?’ असं होतं. बाई म्हणेल ‘विसरले’. ‘विसरलात?’ केलं की दोघांनाही चालतं. वाढतो तो फक्त एक ‘त’. ही दुरुस्ती मी पाठवली तेव्हा मेंटेनरने कारण विचारलं. मी दोन ओळींत सांगितलं. त्याच संध्याकाळी तो ‘त’ आत गेला.