‘गाव कुठलं?’ या प्रश्नाला ‘रेल्वे कॉलनी’ असं उत्तर देणाऱ्या अँग्लो-इंडियन लोकांची गोष्ट

नवी मुंबईत नवीन सोसायटीत राहायला गेलात की आठवडाभरात एक प्रश्न हमखास येतो. ‘मूळ गाव कुठलं तुमचं?’

प्रश्न साहजिक आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे हे शहर उभं राहायला लागलं. इथले आगरी-कोळी भूमिपुत्र सोडले तर बाकी सगळे कुठून ना कुठून आलेले. कुणी साताऱ्याचं, कुणी रत्नागिरीचं, कुणी थेट केरळचं. मे महिना आणि गणपती आले की कोण कुठलं ते बरोबर कळतं.

पण समजा, याच प्रश्नाला कुणी उत्तर दिलं, “इगतपुरीची रेल्वे कॉलनी. पण आता तिथं आमचं काही नाही.” तर?

वडील, आजोबा, पणजोबा सगळे रेल्वेत. घर रेल्वेचं, नोकरी संपली की परत करायचं. सातबारा नाही, शेत नाही, वाडा नाही. नाव इंग्रजी, जन्म भारतातला आणि निम्मे नातेवाईक ऑस्ट्रेलियात. महाराष्ट्रातल्या कित्येक अँग्लो-इंडियन कुटुंबांची गोष्ट थोड्याफार फरकानं अशीच आहे.

आधी एक गोंधळ दूर करू

मुंबई परिसरात तीन समाजांची हमखास गल्लत होते. ईस्ट इंडियन, गोवन कॅथलिक आणि अँग्लो-इंडियन.

ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, ठाणे, वसई भागातले मूळचे ख्रिस्ती. गावठाणात राहणारे, मराठीची बोली बोलणारे. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली, त्या १८८७ सालाच्या सुमारास त्यांनी हे नाव घेतलं. गोवन कॅथलिक कोकणी बोलणारे, आडनावं पोर्तुगीज. पण आडनाव फर्नांडिस असलं म्हणजे पूर्वज युरोपीय होते, असं होत नाही. धर्मांतराच्या वेळी ती आडनावं मिळाली.

अँग्लो-इंडियन ही मात्र वंशावरून ठरणारी ओळख आहे आणि तिची व्याख्या थेट राज्यघटनेत आहे. कलम ३६६ (२) नुसार, ज्याचे वडील किंवा वडिलांच्या बाजूचा कुणीही पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा होता, जो भारतात स्थायिक आहे आणि ज्याचा जन्म इथंच कायम राहणाऱ्या आईवडिलांच्या पोटी झाला, तो अँग्लो-इंडियन.

यात दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. एक, पूर्वज इंग्रजच हवा असं नाही. डच, पोर्तुगीज, फ्रेंच असला तरी चालतो. दोन, वंश फक्त बापाकडून मोजला जातो. आई अँग्लो-इंडियन आणि वडील मराठी असतील, तर कायद्याच्या भाषेत मूल अँग्लो-इंडियन ठरत नाही.

आणखी एक गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत भारतात राहणाऱ्या इंग्रजांनाच ‘अँग्लो-इंडियन’ म्हणायचे. मिश्र वंशाच्या लोकांना ‘युरेशियन’ म्हटलं जाई. १९११ च्या जनगणनेच्या सुमारास हे नाव सरकारदरबारी या समाजाला मिळालं.

हा समाज तयार कसा झाला?

सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीलाच ही लग्नं हवी होती. इंग्लंडहून बायका येत नव्हत्या आणि शिपाई इथं टिकायला हवे होते. १६८७ मध्ये कंपनीच्या संचालकांनी मद्रासला पत्र लिहून अशा लग्नांना उत्तेजन द्यायला सांगितलं. मूल झालं की पैसे देण्याची तयारीही दाखवली.

शंभर वर्षांत वारं फिरलं. मिश्र वंशाची माणसं संख्येनं वाढली आणि कंपनीला त्यांची धास्ती वाटू लागली. १७८६ ते १७९५ या काळात एकामागून एक बंदी आली. अधिकाऱ्यांच्या अनाथ मुलांनी शिकायला इंग्लंडला जायचं नाही, कंपनीच्या वरच्या नोकऱ्यांत यायचं नाही, सैन्यात लढायचं नाही. बँडमध्ये वाजवा किंवा घोड्यांना नाल ठोका, एवढीच मुभा राहिली.

मग आली रेल्वे.

घाट, इंजिन आणि क्वार्टर

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. पुढच्या दहा-बारा वर्षांत जीआयपी रेल्वेनं बोरघाट आणि थळघाट दोन्ही पार केले. आता इंजिन चालवायला, सिग्नल सांभाळायला, तारा पाठवायला माणसं हवी होती. इंग्लंडहून आणलेला ड्रायव्हर महागात पडायचा. भारतीयांच्या हातात इंजिन द्यायला साहेब तयार नव्हता, त्यात १८५७ ताजं होतं. इंग्रजी बोलणारा, ख्रिस्ती आणि पगार कमी घेणारा अँग्लो-इंडियन मधल्या जागेत बरोबर बसला.

इगतपुरी, भुसावळ, कल्याण, लोणावळा इथं त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. घाटमाथ्यावर इगतपुरी, लोकोशेडचं भुसावळ, दोन्ही मार्ग फुटतात ते कल्याण. रेल्वेचं क्वार्टर, जवळच चर्च आणि शनिवारी नाच, पत्ते, हौजी यांसाठी रेल्वे इन्स्टिट्यूट. मुलं बोर्डिंगमध्ये. मुली नर्स, शिक्षिका, टायपिस्ट, टेलिफोन ऑपरेटर व्हायच्या. घराबाहेर पडून पगारी नोकरी करणाऱ्या भारतातल्या सुरुवातीच्या बायकांमध्ये या मुली मोठ्या संख्येनं होत्या.

याला दुसरी बाजूही होती. भारतीय कामगारापेक्षा पगार जास्त, पण गोऱ्या साहेबापेक्षा कमी. रेल्वेतल्या अँग्लो-इंडियनांना ऑक्झिलरी फोर्स या राखीव दलात भरती व्हावं लागे आणि संप, दंगल झाली की बंदूक घेऊन त्यांना उभं केलं जाई. त्यामुळे शेजारच्या भारतीयांना ते साहेबाचे वाटत आणि साहेबाला ते नेटिव्ह वाटत.

न पाहिलेलं ‘होम’

कित्येक अँग्लो-इंडियन घरांत इंग्लंडचा उल्लेख ‘होम’ असाच व्हायचा. ज्यांनी मुंबईचं बंदरसुद्धा ओलांडलं नव्हतं, तेही असंच म्हणायचे. १९७५ चा ‘ज्युली’ सिनेमा आठवून बघा. वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर आणि नादिरानं रंगवलेल्या आईला इंग्लंडचे वेध लागलेले.

याच्या बरोबर उलट विचार करणारे अर्नेस्ट टिमोथी मॅक्लस्की. ‘होम’ नको, आपल्याच देशात आपलं गाव वसवू, असं म्हणत त्यांनी १९३३ मध्ये आताच्या झारखंडमध्ये जमीन मिळवली आणि देशभरातल्या अँग्लो-इंडियनांना बोलावलं. या वस्तीला ‘मुलूक’ म्हटलं जायचं. होय, आपण गावाला जाताना म्हणतो तोच मुलूक. तीनशेच्या वर कुटुंबं आली. पण रोजगार नव्हता, शेती जमली नाही. आज मॅक्लस्कीगंजमध्ये जुने बंगले आहेत आणि बोटांवर मोजण्याइतकी जुनी कुटुंबं.

१९४७: जायचं की राहायचं?

इंग्रज निघाले, तेव्हा या समाजासमोर साधा प्रश्न होता. आता नोकरीचं काय?

घटनेनं एकदम दार बंद केलं नाही. कलम ३३६ नुसार रेल्वे, कस्टम्स, पोस्ट आणि तारखात्यातल्या राखीव जागा चालू राहिल्या, पण दर दोन वर्षांनी १० टक्क्यांनी कमी होत दहा वर्षांत संपणार होत्या. म्हणजे १९५० मध्ये रेल्वेत असलेल्या बापाला कळून चुकलं होतं की पोरासाठी ही जागा नसेल.

ऑगस्ट १९४७ मध्ये ‘मनूरा’ हे ऑस्ट्रेलियाचं जहाज मुंबईहून सातशेहून अधिक लोकांना घेऊन पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरात पोहोचलं. त्यात मोठ्या संख्येनं अँग्लो-इंडियन होते. त्या वेळी ऑस्ट्रेलियात फक्त गोऱ्यांना प्रवेश देण्याचं धोरण होतं. उतरलेली बरीच माणसं अधिकाऱ्यांना पुरेशी गोरी वाटली नाहीत आणि नियम आणखी कडक झाले. युरोपीय रक्त किती आणि माणूस दिसतो कसा, हे तपासलं जाऊ लागलं. आता एकाच घरातली दोन भावंडं डोळ्यांसमोर आणा. एक गोरं, एक सावळं.

या रंगाच्या भीतीनं काय होतं, याचं मोठं उदाहरण म्हणजे मर्ल ओबेरॉन. जन्म १९११, मुंबई. पुढे हॉलिवूडची तारका, १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी ऑस्करचं नामांकन. पण ती आयुष्यभर सांगत राहिली की आपला जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा. करिअर टिकवायला तिनं जन्मगावच बदललं.

१९६० च्या दशकात हिंदी राजभाषेचा वाद तापला, तेव्हा इंग्रजी मातृभाषा असलेल्या या घरांत पुन्हा बॅगा भरल्या गेल्या. १९६२ नंतर ब्रिटननं नियम आवळले. १९६६ पासून ऑस्ट्रेलियानं ते सैल केले आणि १९७३ मध्ये गोऱ्यांचं धोरण संपवलं. मग पर्थ, मेलबर्न आणि कॅनडाकडे ओघ वळला.

गेलेल्यांनी जाताना काय नेलं? हॉकी स्टिक. जबलपूरचं पिअर्स कुटुंब पर्थला गेलं आणि घरातले पाचही भाऊ ऑस्ट्रेलियाकडून हॉकी खेळले.

जे राहिले, त्यांची शाळा आणि आपली मुलं

आता मुद्दा थेट तुमच्या घरापर्यंत येतो.

नाशिकजवळ देवळालीला बार्न्स स्कूल आहे. ती चालवणाऱ्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीची सुरुवात १८१५ मधली, गरीब आणि अनाथ युरोपीय, मिश्र वंशाच्या मुलांसाठी झालेली. भायखळ्यातलं बोर्डिंग १९२५ मध्ये देवळालीला हललं.

६ जानेवारी १९५४ ला मोरारजी देसाई मुख्यमंत्री असताना मुंबई राज्य सरकारनं आदेश काढला. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे फक्त अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाच्या नागरिकांची मुलं घ्यायची. बाकीच्यांनी आपापल्या भाषेत शिकावं. बार्न्सनं एका भारतीय ख्रिस्ती आणि एका गुजराती हिंदू मुलाला प्रवेश नाकारला आणि प्रकरण कोर्टात गेलं.

वरवर पाहता आदेश अँग्लो-इंडियनांच्या बाजूचा वाटतो. पण सोसायटी स्वतःच त्याविरुद्ध उभी राहिली. कारण कलम ३३७ नुसार या शाळांना सरकारी अनुदान हवं असेल, तर दरवर्षी किमान ४० टक्के प्रवेश इतर समाजांसाठी खुले ठेवणं बंधनकारक होतं. आदेश पाळला तर अनुदानाचा हक्क जाणार आणि अनुदान गेलं तर शाळा कशी चालणार?

उच्च न्यायालयात सरकार हरलं. मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सरकारचं अपील फेटाळलं. अनुदानित शाळेत फक्त भाषा, वंश, धर्म, जात यावरून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम २९ (२) कोर्टानं लागू केलं. इंग्रजी माध्यमाची दारं सगळ्यांसाठी उघडी राहिली.

आणि नवी मुंबईतले पालक ज्या आयसीएसई शाळांच्या फॉर्मसाठी धावपळ करतात, त्या बोर्डाचं मूळही इथंच आहे. १९५६ मध्ये अँग्लो-इंडियन शिक्षणाच्या आंतरराज्य मंडळानं केंब्रिजच्या परीक्षा भारतात घेण्यासाठी स्वतंत्र कौन्सिल असावी, असा ठराव केला आणि १९५८ मध्ये ती स्थापन झाली.

२९६ माणसं?

लोकसभेत दोन अँग्लो-इंडियन सदस्य नेमण्याची तरतूद होती. आपल्या विधानसभेतही २८८ आमदारांशिवाय एक नेमलेला अँग्लो-इंडियन सदस्य असे. विखुरलेला समाज, एकाही मतदारसंघात निवडून येण्याइतकी संख्या नाही, म्हणून ही सोय. १०४ व्या घटनादुरुस्तीत अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांची मुदत वाढली, पण या नेमणुकीची वाढली नाही. २५ जानेवारी २०२० पासून ती बंद झाली.

डिसेंबर २०१९ मध्ये तत्कालीन कायदामंत्री रविशंकर प्रसाद यांनी संसदेत आकडा दिला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात अँग्लो-इंडियन फक्त २९६. समाजातून आणि विरोधी बाकांवरून लगेच आक्षेप आला. मोजणीच्या फॉर्ममध्ये धर्माला ख्रिश्चन आणि मातृभाषेला इंग्रजी लिहिलं, की अँग्लो-इंडियन हे कुठे नोंदवायचं? काही खासदारांच्या मते खरी संख्या लाखांत आहे. त्याच वर्षी जानेवारीत चेन्नईत या समाजाचं जागतिक संमेलन भरलं होतं.

मग गाव उरलं कुठे?

बरंचसं स्वयंपाकघरात. नारळाच्या दुधातला पिवळा भात आणि खिम्याच्या गोळ्यांची बॉल करी. रस्समची चुलत बहीण शोभेल असं पेपर वॉटर. नाताळात घरभर बसून वळलेली कुलकुलं. मेलबर्नच्या घरात हे शिजतं, तेव्हा आठवण निघते ती लंडनची नाही, भुसावळची किंवा जबलपूरची. जे घर ‘होम’ म्हणवत नव्हतं, तेच दूर गेल्यावर घर झालं.

पुढच्या वेळी कसाऱ्याला गाडी थांबली आणि घाट चढायला मागे बँकर इंजिन लागलं, की वर इगतपुरीला उतरल्यावर स्टेशनबाहेरची जुनी क्वार्टर्स नजर टाकून बघा. तिथं आता दुसरी कुटुंबं राहतात. पण कुणीतरी पर्थमध्ये बसून ‘मूळ गाव कुठलं?’ या प्रश्नाला अजूनही इगतपुरीचंच नाव सांगत असेल.