वडिलार्जित पताका : जतन आणि दर्शन

आषाढी जवळ आली की आळंदीतील आमच्या घरी माळ्यावरची वेळूची काठी खाली उतरते. दिंडीत पताकाधारी अग्रभागी चालतात आणि त्यांच्यामागे टाळकरी, मृदंग व वीणा. त्या अग्रस्थानाचा मान आमच्या घराकडे तीन पिढ्या आहे. आजोबांची पताका मात्र आता काठीवर नसते. त्याला कारण घडले, ते पुढे सांगतो.

गतवर्षी कीर्तनसेवेसाठी भाईंदरास गेलो असता एका वारकरी गृहस्थांनी दिवाणखान्यात चौकटीत बसविलेली आपली वडिलार्जित पताका दाखविली. वस्त्र पार विटले होते. पट्टीखाली झाकलेली किनार तेवढी भगवी उरली होती. पश्चिमेचे ऊन थेट भिंतीवर, खाडीचा दमट वारा घरभर, आणि काच वस्त्राला टेकलेली. त्यामुळे आतून बुरशीचे ठिपके उमटले होते. गृहस्थांचे वडीलबंधू विषादाने म्हणाले, "बुवा, खांद्यावरून उतरली तेव्हाच ती संपली." धाकट्यांचे उत्तर तयार होते : "खांद्यावर राहिली असती तर चिंध्या उरल्या असत्या, दादा." निवाडा माझ्याकडे आला.

निवाडा करण्याचा अधिकार मला कितपत? आमची पताका मीच एके वर्षी सोवळ्याच्या भावनेने विहिरीवर धुतली होती. काव ही खनिज माती. ती पक्क्या रंगासारखी धाग्यात मुरत नाही. बादलीतले पाणी भगवे झाले आणि हाती फिकट फडके उरले. मातोश्री एक अक्षर बोलल्या नाहीत, हेच अधिक लागले.

परंतु शास्त्र आणि रूढी येथे साहाय्यास येतात. अर्जुनाचा रथ कपिध्वज म्हणविला तो त्यावरील मारुतिरायाच्या चिन्हामुळे. जगन्नाथपुरीच्या शिखरावरील ध्वज तर प्रतिदिनी बदलतात, म्हणून ध्वजाची परंपरा खंडित झाली असे कोणी म्हणत नाही. तेव्हा काठी जुनी, वस्त्र नवे, हे वारीस बाधक नाही. जुन्या वस्त्राने विश्रांती घ्यावी.

या विश्रांतीचे एक उदाहरण परदेशातील आहे. अमेरिकेच्या राष्ट्रगीतास स्फूर्ती देणारा १८१४ चा बाल्टिमोरचा ध्वज अनेक वर्षे एका सेनानीच्या कुटुंबात होता. स्मरण म्हणून त्याचे तुकडे कापून वाटले गेले. आपल्याकडेही प्रसाद म्हणून चिंधी मागणारे भाविक भेटतातच! पुढे १९१४ मध्ये त्यास सुमारे १७ लाख टाके घालून अस्तर लावले. तेही कालांतराने काळजीपूर्वक उसवावे लागले. आज तो वॉशिंग्टनच्या संग्रहालयात मंद प्रकाशात, किंचित उतरत्या पाटावर निजविलेला आहे. टांगलेला नाही, कारण वस्त्र स्वतःच्याच भाराने फाटते.

गृहिणींनी एवढे करावे. पताकेची घडी घालू नये, घडीवर धागा तुटतो. धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात ती रुंद नळीवर सैल गुंडाळावी. वर्तमानपत्राचा कागद, टाचणी, डांबरगोळी यांचा स्पर्श नको. कडुनिंबाचा पालाही नको, डाग पडतात. चौकट हवीच असेल तर काच व वस्त्र यांत अंतर असावे आणि भिंत उन्हाची नसावी.

आणि भाविकांस रुचणार नाही तेही सांगतो : जुन्या वस्त्रास हळदकुंकू, गंध, अक्षता वाहू नयेत. कुंकवाचा डाग निघत नाही आणि तांदळाच्या कणांवर कीड येते. निरांजन, उदबत्तीही दूर असावी. गंध काठीस लावावे, वस्त्रास हात जोडावेत.

भाईंदरकरांनी पताका चौकटीतून सोडविली आहे. यंदा एकादशीच्या प्रातःकाळी ती पाटावर पांढऱ्या वस्त्रावर उलगडून, खिडक्या ओढून, घटकाभर दर्शनास ठेवणार आहेत. नवी पताका शिवून झाली. ती कावेत बुडविण्याचे काम वडीलबंधूंनी आपल्याकडे घेतले आहे.