हरलेल्या टीमचा पिक्चर

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ‘बेसबॉल निवड चाचणी’ असा कागद लागला की पहिला प्रश्न ठरलेला: सर, बॅट कुठाय? नामपूर घ्या नाहीतर सटाणा, आपण सगळे टेनिस बॉलवर वाढलेले. मग क्रिकेटची चार पोरं, कबड्डीची तीन, एक थाळीफेकवाला आणि ‘सर्टिफिकेट मिळेल ना?’ विचारणारा एक, असे नऊ जण कसेबसे जमतात. तुमच्या कॉलेजातही असंच होत असेल, तर तुमच्यावर अमेरिकेत १९७६ सालीच पिक्चर निघालाय. नाव ‘द बॅड न्यूज बेअर्स’.

मायकेल रिची दिग्दर्शक. वॉल्टर मॅथाऊ झालाय कोच बटरमेकर. कधीकाळचा छोट्या लीगमधला बेसबॉलपटू, आता लोकांचे स्विमिंग पूल साफ करतो आणि दिवसभर बिअर पितो. त्याच्या गळ्यात पडते शहरातली सगळ्यात टुकार पोरांची टीम. आता गंमत बघा, ही टीम जन्मालाच आली कोर्टाच्या कृपेने. चांगलं खेळणाऱ्यांनाच लीगमध्ये घेतात म्हणून एका वकील नगरसेवकाने दावा ठोकला, आणि लीगला या पोरांना घ्यावंच लागलं. पहिल्या मॅचमध्ये समोरच्या ‘यँकीज’ने पहिल्याच इनिंगमध्ये २६ रन काढले. यांचा भोपळा. कोचने तिथेच मॅच सोडून दिली.

पुढे अमांडा नावाची भन्नाट पिचर येते, टीम जिंकायला लागते, आणि कोचच बिघडतो. जिंकायच्या नादात तो आपल्या पोराला सांगतो, बॅट फिरवू नको, बॉल अंगावर घे, फुकट बेस मिळेल. तुम्ही हसता हसता गप्प होता ते इथे. फायनलला समोरचा कोच सगळ्यांदेखत स्वतःच्या पोराच्या कानाखाली वाजवतो, आणि त्या कोचच्या जागी बटरमेकरला स्वतःचाच चेहरा दिसतो. त्यानंतर तो काय करतो, ते पिक्चरमध्येच बघा. स्कोअर मात्र सांगून टाकतो: ७-६. बेअर्स हरतात.

आपल्याकडे या जातीचा पिक्चर कुठला? ‘लगान’ म्हणाल, पण तिथे शेवटचा सिक्स बसतो. मला जवळचा वाटतो नागराज मंजुळेचा ‘झुंड’. मार्च २०२२ मध्ये आला, चालला बेताचाच, आणि अनेकांनी ‘तीन तासांचा आहे राव’ म्हणत टाळला. खेळ फुटबॉल, गाव नागपूर. मागची गोष्ट खरी आहे: हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात वस्तीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यातून पुढे ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. पिक्चरमध्ये अमिताभ बच्चन आहे. पण तो बाजूला उभा राहतो आणि नागपूरच्या वस्तीतली, आधी कॅमेऱ्यासमोर कधीच न आलेली पोरं पडदा खाऊन टाकतात.

पहिला अर्धा भाग तर निव्वळ धमाल. सर पोरांना अर्धा तास खेळायचे पाचशे रुपये देतात. पोरांना वाटतं म्हातारा येडा आहे. मग एक दिवस सर सांगतात, पैसे संपले. पोरं जातात, घुटमळतात, परत येतात: फुकट खेळतो, पण बॉल द्या! कॉलेजच्या टीमशी होणारी मॅच बघताना तर तुम्ही खुर्चीत बसूच शकत नाही.

बहुतेक पिक्चर इथे संपले असते. ‘झुंड’ इथून खरा सुरू होतो. परदेशी स्पर्धेला जायचं तर पासपोर्ट हवा, आणि पासपोर्टला ‘तू कोण’ याचा कागद हवा. रिंकू राजगुरूची मोनिका आणि तिचा बाप त्या एका कागदासाठी दारोदार फिरतात. डॉनच्या मागे पोलीस केसचं लचांड. गोलकीपरला चकवणं सोपं, टेबलामागचा माणूस अवघड. या भागाला अनेकांनी ‘लांबलेला’ म्हटलं. ज्यांनी जातीच्या दाखल्यासाठी नाहीतर नॉन-क्रिमिलेयरसाठी तहसीलच्या चकरा मारल्यात, त्यांना तो लांबलेला वाटायचा नाही. तो तेवढाच लांब असतो.

बेअर्स कोर्टातून मैदानात आले, नागपूरची पोरं भिंत ओलांडून. दोन्ही पिक्चर आपल्याला पोरांना हसायला लावत नाहीत, गेटवर उभ्या असलेल्यांना हसायला लावतात. उलटं करणारे कॉमेडी पिक्चर भरपूर आहेत, जाड्याच्या धावण्यावर अख्खं थिएटर हसवणारे. बेअर्सचा जाडा एंगलबर्ग कॅचर आहे आणि फायनलची सगळ्यात भारी रन त्याचीच.

एक सांगून ठेवतो. बेअर्समधली पोरं तोंडाने फार घाण आहेत, आणि त्यातल्या वर्णावरून दिलेल्या शिव्यांवर आज हसू येत नाही. २००५ चा रिमेकही आहे, तो नाही बघितला तरी चालेल. आधी १९७६ चा लावा. बेसबॉलचे नियम कळत नसतील तर अडू नका. बॉल मारायचा आणि चार बेस फिरून घरी यायचं, एवढं पुरे. फक्त बेंचवर बसलेल्या लुपस नावाच्या लहानखुऱ्या पोरावर नजर ठेवा. फायनलला तो आत येतो तेव्हा मोबाईल बघत बसू नका.