विद्युत् गिटार : वाद्य व वादक

तारांच्या कंपनांचे विद्युत् प्रवाहात रूपांतर करून विवर्धक व ध्वनिक्षेपक यांच्या साहाय्याने ऐकविले जाणारे तंतुवाद्य. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात ते विकसित झाले आणि १९५० नंतर ब्लूज, रॉक, जॅझ, कंट्री इ. संगीतप्रकारांत त्याला प्रमुख स्थान मिळाले. साध्या गिटारीचा नाद मुख्यतः तिच्या पोकळ लाकडी पेटीत घुमतो. विद्युत् गिटारीत मात्र नादनिर्मितीचे कार्य बोटे, तारा, चुंबक, विवर्धक आणि ध्वनिक्षेपक यांत विभागले गेलेले असते. हिचे बहुतेक भाग कारखान्यात शेकड्यांनी तयार होतात. ते स्क्रूंनी जोडता येतात व बदलताही येतात. असे असूनही एखाद्या वादकाने एकाच गिटारीची आयुष्यभर सोबत केल्याची, तिला नाव दिल्याची, तिच्यासाठी जीव धोक्यात घातल्याची उदाहरणे या वाद्याच्या इतिहासात अनेक आहेत. यंत्रावर घडलेली वस्तू एका व्यक्तीची कशी होते, हे तिची रचना व वादकांची परंपरा एकत्र पाहिल्यास समजू शकते.

इतिहास : गिटार हे मुळात मृदू आवाजाचे वाद्य. १९२० नंतर अमेरिकेतील नृत्यवृंदांत ट्रंपेट, सॅक्सोफोन इ. वाद्यांपुढे ते ऐकू येईनासे झाले. त्याच सुमारास मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजविण्याची हवाईयन गिटार लोकप्रिय झाली होती. जॉर्ज बोशँप व अडॉल्फ रिकनबॅकर यांनी कॅलिफोर्नियात १९३१ मध्ये अशा गिटारीचा विद्युत् नमुना सिद्ध केला व १९३२ पासून ती विक्रीस आली. लांब दांडी व लहान वाटोळे अंग यांमुळे ॲल्युमिनियमच्या या ओतीव वाद्यास ‘फ्राइंग पॅन’ म्हणजे तळणीचा तवा असे नाव पडले. तिचे एकस्व (पेटंट) १९३७ मध्ये मिळाले. गिब्सन कंपनीने १९३६ मध्ये ‘ईएस–१५०’ ही पोकळ अंगाची विद्युत् गिटार काढली. चार्ली ख्रिश्चन (१९१६–४२) याने १९३९ पासून बेनी गुडमनच्या वृंदात ती वाजविली व केवळ साथीचे स्वरसंघ वाजविणाऱ्या गिटारीला एकल वादनाचा दर्जा मिळवून दिला.

पोकळ अंगाच्या गिटारीत एक अडचण होती. ध्वनिक्षेपकाचा मोठा आवाज पेटीला पुन्हा कंपित करी आणि त्यातून कर्कश घोष उत्पन्न होई. भरीव अंग हा त्यावरील उपाय ठरला. लेस पॉल (१९१५–२००९) याने १९४० च्या सुमारास पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा चढवून ‘द लॉग’ ही गिटार बनविली. पॉल बिग्झ्बी याने १९४८ मध्ये मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी भरीव गिटार तयार केली. मोठ्या प्रमाणावरील उत्पादन मात्र रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय केलेल्या लिओ फेंडर (१९०९–९१) याने सुरू केले. तो स्वतः गिटारवादक नव्हता. त्याची १९५० मधील ‘ब्रॉडकास्टर’ गिटार १९५१ पासून ‘टेलिकास्टर’ या नावाने प्रसिद्ध झाली. १९५४ मध्ये ‘स्ट्रॅटोकास्टर’ आली. या गिटारींची मान अंगाला चिकटविलेली नसून स्क्रूंनी बसविलेली असे. ती झिजली वा मोडली, तर काढून दुसरी घालावी, हा हेतू. गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये लेस पॉलच्या नावाची भरीव गिटार बाजारात आणली. आजही बहुतेक विद्युत् गिटारींवर या तीन नमुन्यांची छाप आढळते.

रचना व कार्य : गिटारीचे अंग, मान व शीर्ष असे तीन मुख्य भाग असतात. शीर्षावरील खुंट्यांपासून अंगावरील घोडीपर्यंत सहा तारा ताणलेल्या असतात. नेहमीच्या जुळणीत सर्वांत जाड तारेची कंप्रता ८२·४ हर्ट्झ व सर्वांत बारीक तारेची ३२९·६ हर्ट्झ असते. तारेची कंप पावणारी लांबी फेंडर गिटारीत ६४·८ सेंमी., तर गिब्सन गिटारीत सु. ६२·९ सेंमी. असते. लांबी कमी असल्यास त्याच स्वरासाठी तारेवरील ताण कमी लागतो व ती बोटाने खेचणे सोपे जाते.

तारांखाली ‘पिकअप’ हा ग्राहक असतो. चुंबकांभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे गुंडाळून तो बनवितात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या प्रवर्तनाच्या तत्त्वानुसार वेटोळ्यात क्षीण विद्युत् दाब निर्माण होतो. यामुळे नायलॉनच्या तारा या ग्राहकावर चालत नाहीत. एकेरी वेटोळे घरगुती वीजपुरवठ्यामुळे होणारी गुणगुणही टिपते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर याने १९५५ मध्ये परस्परविरुद्ध जोडणीची दोन वेटोळी एकत्र बसवून ती नाहीशी केली. हा ‘हंबकर’ ग्राहक १९५७ पासून वापरात आला. एकेरी वेटोळ्याचा नाद स्वच्छ व धारदार, तर दुहेरीचा भरीव व मऊ असतो. एकच ग्राहक घोडीजवळ बसविल्यास नाद तीक्ष्ण व मानेजवळ बसविल्यास गोलसर येतो.

ग्राहकातून आलेला संकेत विवर्धकात मोठा होतो. निर्वात नलिकांच्या विवर्धकावर क्षमतेबाहेर भार दिल्यास तरंगांचे माथे कापले जातात व नादात अनेक नवे उपस्वर मिसळतात. अभियंत्याच्या दृष्टीने ही विकृती होय. वादकांनी तिचे अलंकारात रूपांतर केले. तिच्यामुळे स्वर लांबतो व मानवी कंठासारखा भासतो. याच कारणास्तव रेडिओतून निर्वात नलिका गेल्या, तरी अनेक गिटारवादकांनी त्या सोडल्या नाहीत. भरीव अंगाचे लाकूड नादावर कितपत परिणाम करते, याविषयी मात्र वादक व संशोधक यांच्यात मतभेद आहेत.

वादकाची आवड केवळ ऐकू येणाऱ्या नादावर अवलंबून नसते. मानेच्या मागील भागाची गोलाई, पडद्यांची उंची व झीज, घोडीची जागा यांची हाताला सवय होते. वर्षानुवर्षे तळवा घासून मानेवरील रोगण गुळगुळीत होते वा निघून जाते. मनगट टेकते तेथे अंगाचा रंग उडतो. अशा वाद्यावर हात न पाहता अचूक पडतो. दुसरी गिटार तितकीच चांगली असली, तरी तिच्यावर हे काम नव्याने करावे लागते.

वादक व त्यांची वाद्ये : अमेरिकन ब्लूजवादक बी. बी. किंग (१९२५–२०१५) याच्या ‘ल्यूसील’ची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कॅन्सॉ राज्यातील ट्विस्ट या गावी तो वाजवीत असलेल्या नृत्यगृहात दोन पुरुषांची मारामारी होऊन उबेसाठी पेटविलेले रॉकेलचे पिंप उलटले व आग लागली. बाहेर पडलेला किंग गिटारीसाठी पुन्हा आत गेला व ती घेऊन थोडक्यात बचावला. भांडण ल्यूसील नावाच्या स्त्रीवरून झाले होते, असे त्यास नंतर कळले. पुन्हा असा अविचार होऊ नये याची आठवण म्हणून त्याने गिटारीला ते नाव दिले. पुढे त्याच्या अनेक गिटारी झाल्या. नाव तेच राहिले.

इंग्लिश वादक एरिक क्लॅप्टन (१९४५– ) याची ‘ब्लॅकी’ याउलट सुट्या भागांतून घडली. १९७० मध्ये त्याने नॅशव्हिल येथे सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. तीन मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिन्हींचे उत्तम भाग जोडून एक केली. १९८५ पर्यंत ती त्याची मुख्य गिटार होती. व्यसनमुक्तीकेंद्राच्या साहाय्यार्थ २००४ मध्ये झालेल्या लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर मिळाले. अमेरिकेतील एडी व्हॅन हेलन (१९५५–२०२०) याने सु. ५० डॉलरचे अंग व ८० डॉलरची मान जोडून, त्यात गिब्सनचा ग्राहक बसवून स्वतःची गिटार सिद्ध केली. तिला ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे नाव मिळाले. कारखान्याने बदलता येण्याजोगे केलेले भाग वादकाच्या हाती स्वनिर्मितीचे साधन कसे झाले, हे यावरून दिसते.

क्वीन या वृंदाचा वादक ब्रायन मे (१९४७– ) याने १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनविण्यास आरंभ केला. सु. दोन वर्षे चाललेल्या या कामात मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे मॅहॉगनी लाकूड आणि तारांचा ताण सैल करणाऱ्या यंत्रणेसाठी जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा वापरल्या. ‘रेड स्पेशल’ नावाची ही गिटार तो अर्धशतकाहून अधिक काळ वाजवीत आला आहे. नखीऐवजी तो सहा पेन्सचे नाणे वापरतो.

जिमी हेंड्रिक्स (१९४२–७०) हा डावखुरा वादक उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून व तारांचा क्रम बदलून वाजवी. त्यामुळे घोडीजवळचा तिरपा ग्राहक तारांखाली उलट्या दिशेने येई व नादाचा तोलही बदले. ज्या घोषाला टाळण्यासाठी भरीव अंगाची योजना झाली, तोच त्याने संगीताचा भाग केला. १९६७ च्या माँटरी महोत्सवात त्याने गिटार पेटवून दिली. वाद्याविषयीची आसक्ती सर्वच थोर वादकांत सारख्या स्वरूपाची नसते, हेही यावरून लक्षात येते.

काही गिटारी एका वादकाकडून दुसऱ्याकडे गेल्या. पीटर ग्रीन (१९४६–२०२०) याच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारीत एका ग्राहकाचा चुंबक उलटा बसलेला होता. दोन्ही ग्राहक एकत्र चालविल्यास तिचा नाद काहीसा पोकळ व आर्त येई. हा दोष तिची ओळख ठरला. १९७० नंतरच्या काही वर्षांत ग्रीनने ती तरुण आयरिश वादक गॅरी मूर (१९५२–२०११) यास अल्प किंमतीत दिली. मूरने १९९५ मध्ये ग्रीनच्या रचनांची ध्वनिमुद्रिका करून ऋण व्यक्त केले. २०१४ पासून ती अमेरिकन वादक कर्क हॅमेट याच्याकडे असून अजूनही वाजविली जाते.

भारतातील प्रसार : भारतात प्रथम रुळली ती हवाईयन गिटार. कांडी सरकवून अखंड स्वर काढता येत असल्याने मींड, गमक यांची सवय असलेल्या कानांना ती जवळची वाटली. व्हॅन शिप्ली यांनी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत विद्युत् हवाईयन गिटार लोकप्रिय केली. चित्रपटगीतांच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत पुण्याचे ॲकॉर्डियनवादक ईनॉक डॅनियल्स यांची साथ असे. पडद्यांवर बोटांनी वाजविण्याची विद्युत् गिटार १९६० नंतरच्या वृंदवादनात वाढत गेली. हरे रामा हरे कृष्णा (१९७१) या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गीतातील गिटार भूपिंदर सिंग (१९४०–२०२२) यांनी वाजविली आहे. आयातीवरील निर्बंधांमुळे १९९१ पूर्वी परदेशी गिटार मिळणे कठीण होते. आर्. प्रसन्ना यांनी कर्नाटक संगीतही विद्युत् गिटारीवर वाजवून दाखविले आहे. पश्चिम घाटात वाढणाऱ्या शिसवीचे लाकूड गिटारीच्या पडद्यांच्या पट्टीसाठी जगभर वापरतात. शिसवाच्या संपूर्ण प्रजातीवर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारनिर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यांतून सूट मिळाली.

संग्रह व व्यापार : वादकांच्या पसंतीने कारखान्यांचे निर्णयही बदलले आहेत. १९५८ ते १९६० या काळातील लेस पॉल गिटारींना मागणी नसल्याने गिब्सनने तो नमुना बंद केला होता. १९६६ मध्ये क्लॅप्टनने अशा गिटारीवर केलेल्या ध्वनिमुद्रणानंतर तिचा शोध सुरू झाला व १९६८ मध्ये उत्पादन पुन्हा करावे लागले. फेंडर कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारणसंस्थेस १·३ कोटी डॉलरना विकली गेली. त्यापूर्वीच्या गिटारी अधिक चांगल्या, असे मानण्याची प्रथा पडली. फेंडरने १९९५ मध्ये मुद्दाम झिजविलेल्या, रंग उडविलेल्या नव्या गिटारी विकण्यास आरंभ केला. हाताने वर्षानुवर्षांत होणारी झीज अशा रीतीने विक्रीची वस्तू बनली.

डेव्हिड गिल्मर (१९४६– ) याने २०१९ मध्ये आपल्या गिटारींचा लिलाव करून आलेली सर्व रक्कम पर्यावरणकार्यास दिली. त्यांतील काळ्या स्ट्रॅटोकास्टरला ३९,७५,००० डॉलर मिळाले. आयर्लंडमधील रोरी गॅलगर (१९४८–९५) याने १९६३ मध्ये कॉर्क येथे १०० पौंडांस घेतलेली १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर चोरीस जाऊन परत मिळाली होती. अखेरपर्यंत तीच त्याची प्रमुख गिटार होती आणि तिच्यावरील रंग जवळजवळ नाहीसा झाला होता. २०२४ मध्ये ती लिलावात घेऊन आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयास देण्याची व्यवस्था झाली. संग्रहालयात असे वाद्य सुरक्षित राहते. तथापि त्याचे जे मोल आहे, ते तीस वर्षे रोज वाजविले गेल्यामुळे आलेले आहे.